सीट आणि स्टेमचे मिलिमीटर: फुकट काय, विकत काय, महागात काय

नवी रोड बाइक घेतलीत. पहिले वीस किलोमीटर मजेत गेले. चाळिसाव्याला मान आखडली, करंगळीला मुंग्या आल्या आणि घरी जिना चढताना गुडघा कुरकुरायला लागला. दुकानात विचारलंत तर उत्तर तयार असतं: "सीट बदला, जेलवाली टाकू." तूर्त पाकीट खिशातच ठेवा.

अशा दुखण्यामागे बहुतेकदा चार मापं असतात: सीटची उंची, सीट किती पुढे-मागे, सीटचा कल, आणि सीटपासून हँडल किती लांब व किती खाली. पहिली तीन घरीच, फुकटात बदलता येतात. चौथ्यातलं निम्मं काम फुकट होतं, उरलेलं हजार-दोन हजारांत. क्रम एकच पाळा: परत फिरवता येतं ते आधी, विकत घ्यायचं ते नंतर, कापायचं ते सगळ्यात शेवटी.

किती पैसे लागतील

खालचे आकडे पुण्या-मुंबईकडच्या दुकानांचा साधारण अंदाज आहेत. गाव, दुकान आणि ब्रँड बदलला की कमी-जास्त होतील.

एलन कीचा संच: २५० ते ६०० रुपये.
टॉर्क रेंच: २,००० ते ४,५०० रुपये. कार्बनची सायकल असेल तरच विकत घ्या; नाहीतर मित्राचा आणा.
स्पेसरचा जोड: १०० ते ३०० रुपये.
साधा ॲल्युमिनियमचा स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा भाग): ७०० ते २,५०० रुपये. नामांकित ब्रँडचा याच्या दुप्पट-तिप्पट.
स्टेम बदलण्याची मजुरी: १०० ते ३०० रुपये.
हँडलची टेप: ४०० ते १,५०० रुपये, गुंडाळण्याची मजुरी वेगळी.
बरी सीट: १,५०० ते ८,००० रुपये.
माणसाकडून नीट केलेलं बाइक फिट (शरीराप्रमाणे सायकलची मापं जुळवणं): ३,५०० ते ८,००० रुपये. कॅमेरे आणि सेन्सर लावून केलेलं: ८,००० ते १५,००० रुपये.

म्हणजे एलन की घरात असेल तर सुरुवात शून्य रुपयांत होते. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर सुट्या भागांना जुनाच दर लावलेला दिसला तर तिथल्या तिथे विचारा.

सुरू करण्याआधी

जवळ हवं: ४, ५ आणि ६ मिमीच्या एलन की, मोजायचा टेप, चिकटपट्टी, पेन्सिल, आणि गवंड्याकडे असतो तसा ओळंबा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला एक जड नट बांधा, काम तेच होतं. पाणसळीऐवजी मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप चालतं. सायकल ट्रेनरवर लावता आली तर उत्तम. नाहीतर दाराच्या चौकटीत उभी करा आणि घरातल्या कोणाला तरी धरायला सांगा. ज्या बुटांत आणि ज्या चड्डीत सायकल चालवता, तेच घालून मापं घ्या. पहिल्यांदा करत असाल तर दीड-दोन तास हाताशी ठेवा.

काहीही सैल करण्याआधी आत्ताची मापं लिहून काढा. क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या नळीच्या रेषेत. सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. जमिनीपासून सीटची उंची आणि जमिनीपासून हँडलची उंची. सीटच्या दांड्याभोवती, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथे, चिकटपट्टीचा एक वेढा घाला. बाजूने फोटो काढा. ही पाच मिनिटं वाचवलीत आणि नवी बैठक मानवली नाही, तर परतीचा रस्ता सापडत नाही.

पहिलं माप: सीटची उंची

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. पावलांत वीतभर अंतर. पुठ्ठा बांधणीचं एक पुस्तक मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका दाब देत वर ओढा. दिवाळी अंक घेऊ नका, तो वाकतो. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे तुमच्या पायाचं आतलं माप.

या मापाला ०.८८३ ने गुणा. ग्रेग लेमॉण्ड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र आहे. उत्तर म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. पायाचं माप ८० सेंमी असेल तर सीट ७०.६ सेंमीवर. ताळा करायचा तर दुसरं सूत्र वापरा: पायाच्या मापाच्या १०९ टक्के म्हणजे सगळ्यात खाली असलेल्या पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ८० सेंमीला ते ८७.२ येतं, १७० मिमीचा क्रँक वजा केला की ७०.२. दोन उत्तरांत चार मिलिमीटरचा फरक. सुरुवात कमी उंचीपासून करा.

आता सूत्र विसरा आणि पायाला विचारा. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पाऊल नेहमीच्या जागी ठेवा. गुडघ्यात हलका बाक राहील. कोन मोजायचाच असेल तर सरळ पायापासून २५ ते ३५ अंशांचा बाक ठीक. शेवटी पेडल मारत असताना कोणाला तरी मागून बघायला सांगा. कुल्ले डावी-उजवीकडे डुलत असतील तर सीट उंच आहे. सूत्र काहीही म्हणो, खाली घ्या.

एका वेळी ३ ते ५ मिमीच हलवा. दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचा निर्णय. एकदम दोन सेंमी वर चढवली की गुडघ्याच्या मागच्या शिरा आठवडाभर बोंब मारतात.

दोन सावधगिऱ्या. सीटच्या दांड्यावर किमान आत राहण्याची रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसली तर सीट आणखी वर नेऊ नका. लांब दांडा घ्या. आणि बोल्टवर किंवा क्लॅम्पवर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, सीटच्या क्लॅम्पला साधारण ५ ते ७. त्याच्यापुढे पिळू नका.

दुसरं आणि तिसरं माप: पुढे-मागे आणि कल

उंची जमली की मगच याला हात लावा. क्रँक जमिनीला समांतर ठेवा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा लागतो, तिथून ओळंबा सोडा. दोरा पेडलच्या आसावर पडला तर सुरुवात बरोबर आहे. अर्धा-एक सेंमी मागे पडला तरी बिघडत नाही. लांब मांडीच्या माणसांना तेच मानवतं. आसाच्या पुढे पडत असेल तर सीट मागे सरकवा.

लक्षात ठेवा: सीट १० मिमी मागे नेली की पायाला ती सुमारे ३ मिमी उंच वाटते. तेवढी खाली घ्या. पुढे आणली तर तेवढी वर.

इथे एक शॉर्टकट हमखास सुचवला जातो: हँडल लांब वाटतंय ना, मग सीट पुढे ढकला. करू नका. सीटची जागा पायांसाठी ठरते, हँडलची हातांसाठी. हाताचं दुखणं पायाच्या मापात मिटवायला गेलात तर शरीराचा तोल पुढे जातो, हातावरचा भार वाढतो आणि गुडघ्याचा पुढचा भाग नवीन तक्रार घेऊन येतो.

कल बघायला सीटवर लांबीला पुठ्ठा बांधणीचं पुस्तक ठेवा, त्यावर मोबाइल. शून्य अंशापासून सुरू करा. नाजूक जागी दाब येत असेल तर नाक एक-दोन अंश खाली. तीनच्या पुढे गेलात तर तुम्ही पुढे घसरत राहाल आणि स्वतःला तळहातांनी अडवत राहाल. नाक वर ठेवू नका.

माझाच अनुभव सांगतो. पहिल्या सायकलवर सीटचं नाक तीनेक अंश वर होतं. दुकानदाराने न तपासता साडेतीन हजारांची जाड गादीची सीट विकली आणि तीही त्याच कलाने बसवली. दुखणं होतं तिथेच राहिलं. आठ दिवसांनी एका मित्राने बोल्ट सैल केला, नाक खाली आणलं, बोल्ट आवळला. जुनी सीट परत बसवली. आजही तीच आहे. साडेतीन हजारांची कपाटात आहे.

सीटचा क्लॅम्प दोन बोल्टचा असेल तर एक सैल करून दुसरा आवळायचा, की कल बदलतो. दोन्ही एकदम सैल केलेत तर आधीचा कोन हरवतो. सीटखालच्या दोन सळ्यांवर मापाच्या रेघा असतात. क्लॅम्प त्या रेघांच्या आतच बसवा. बाहेर गेला तर सळी वाकते किंवा तुटते.

चौथं माप: आधी फुकटचे उपाय

हूडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर, हात ठेवून बसा. कोपरं किंचित वाकलेली, खांदे कानांपासून दूर, बोटं ब्रेकवर सहज पोचणारी. ट्रेनरवर पेडल मारता मारता हात क्षणभर उचलून बघा. धप्पकन पुढे पडत असाल तर भार हातांवर आहे. आधी सीटचा कल आणि मागे-पुढे परत तपासा. ते बरोबर असेल तरच हँडलकडे वळा, आणि या क्रमाने.

टायरची हवा. हात बधिर होण्यामागे कितीदा तरी दगडासारखा टणक टायर असतो. ७० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय पुरते. टायरच्या कडेवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा गाठायची गरज नाही.

ब्रेकच्या लिव्हरचं अंतर. हात लहान असेल तर लिव्हर जवळ आणायला बहुतेक ब्रेकवर छोटा स्क्रू असतो. एक मिनिटाचं काम, खर्च शून्य. कोणी सांगत नाही कारण विकण्यासारखं काही नसतं.

हँडल फिरवणं. स्टेमच्या तोंडाचे चार बोल्ट थोडे सैल करा, हँडल काही अंश वर फिरवा. हूड वर आणि किंचित जवळ येतात. मनगट आणि हात एका रेषेत राहतील इतकंच फिरवा.

स्पेसर. स्टेमच्या वर रिंगा असतील तर त्या खाली घ्या. १० मिमी स्पेसर खाली गेला की हँडल १० मिमी वर येतं आणि सुमारे ३ मिमी जवळ.

स्टेम उलटा करणं. बऱ्याच स्टेमना ६ किंवा ७ अंशांचा कोन असतो आणि दुकानातून सायकल येते ती स्टेम खाली झुकवून. १०० मिमीचा स्टेम उलटवला की हँडल सुमारे २ सेंमी वर आणि अर्धा सेंमी जवळ येतं. बऱ्याच हौशी चालकांची पाठ इथेच सुटते. एक रुपयाही न घालवता.

स्टेमला हात लावताना

सायकलची दोन्ही चाकं जमिनीवर ठेवा. स्टँडवर उचललेली असेल तर बोल्ट सैल करताच पुढचा फोर्क खाली घसरेल.

वरच्या झाकणाचा बोल्ट काढा. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा. तोंडाचे चार बोल्ट काढून हँडल सोडवा आणि दोरीने फ्रेमला बांधा, वायरींवर लटकू देऊ नका. स्टेम उलटा करून किंवा नवा घेऊन परत चढवा. फोर्कची नळी, म्हणजे स्टीअरर, स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या माथ्यापेक्षा सुमारे ३ मिमी खाली राहायला हवी. बरोबरीने आली तर झाकण दाबच देऊ शकत नाही.

आवळण्याचा क्रम उलटला की घोळ होतो. आधी वरचं झाकण, तेही हलक्या हाताने, फक्त प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाईपर्यंत. ते स्टेम धरून ठेवण्यासाठी नसतं. मग चाक आणि हँडल सरळ रेषेत आणा. मग बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतके; बहुधा ५ न्यूटन मीटर. तोंडाचे चार बोल्ट तिरपे-तिरपे, वर-खाली फट सारखी ठेवत.

रस्त्यावर जाण्याआधी दोन चाचण्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. 'टक' जाणवला तर प्ले आहे, बाजूचे बोल्ट सैल करून झाकणापासून परत सुरू करा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत पकडून हँडल पिळा. फिरलं तर बोल्ट ढिले आहेत.

नवा स्टेम घ्यायचा झाला तर

वरचं सगळं करून झालं, दोन आठवडे चालवून झालं आणि तरीही हँडल लांब वाटतं, तर नवा स्टेम. आधी जुन्याच्या पोटावर छापलेली लांबी आणि कोन वाचा. हँडलची जाडी तपासा: हल्ली बहुतेक ३१.८ मिमी, जुन्या सायकलींवर २५.४ किंवा २६. स्टीअररची जाडी तपासा: नेहमीची २८.६ मिमी. ही चार मापं चिठ्ठीवर लिहून दुकानात जा. जुन्या पद्धतीचा, फोर्कच्या आत उतरणारा स्टेम असेल तर त्याची मापं वेगळी असतात; तोच काढून सोबत न्या.

लांबी १० मिमीने कमी करा, फार तर २० ने. विकत घेण्याआधी कोणाचा तरी पडून असलेला स्टेम मागा आणि आठवडाभर चालवून बघा. सायकलवाल्यांच्या घरात असे दोन-तीन असतातच. आणि ७० मिमीच्या खाली जावं लागत असेल, सीटही पूर्ण पुढे असेल, तरी पोचत नसाल, तर फ्रेमच मोठी आहे. तिच्यावर आणखी पैसे घालू नका. सायकल नवी आहे तोवर बदलून घ्यायचं बोला.

दुकानातून किंवा ऑनलाइन घेताना परतीची अट लेखी घ्या. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. पण तुम्हाला न मानवलेला स्टेम सदोष ठरत नाही. बदलून देण्याचं तोंडी आश्वासन बिलाच्या मागे लिहून घ्या. बिलच नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

छुपे खर्च इथे असतात

वायरी आत दडवलेल्या सायकली. नव्या महागड्या रोड बाइकवर ब्रेकच्या नळ्या स्टेम आणि हेडसेटमधून जातात. साध्या सायकलवर वीस मिनिटांचं स्टेमचं काम इथे अर्ध्या दिवसाचं होतं. नळ्या सोडवा, परत जोडा, ब्रेक ब्लीड करा. मजुरीच अडीच ते पाच हजारांपर्यंत जाते, स्टेम वेगळा. अशी सायकल विकत घेत असाल तर स्टेमची लांबी ताबा घेण्याआधी ठरवा आणि बदलून मागा. त्या वेळी बरीच दुकानं फुकट किंवा फक्त फरकाच्या रकमेत देतात. महिन्याने कोणी देत नाही.

टेप आणि वायरी. हूडची जागा बदलली की टेप उकलावी लागते. जुनी टेप पुन्हा नीट बसत नाही. हँडल दोनेक सेंमीपेक्षा जास्त वर गेलं तर वायरी अपुऱ्या पडू शकतात. काम देण्याआधी विचारा: "वायरी पुरतील का? टेप नवी लागेल का? सगळं धरून किती?"

स्टीअरर कापणं. "वर नळी दिसते, वाईट दिसतं, कापून देतो." नाही म्हणा. स्पेसर वर ठेवून सहा महिने चालवा. कापलेली नळी वाढत नाही. पुढे हँडल वर हवं झालं तर अख्खा फोर्क बदलावा लागतो आणि त्याची किंमत पाच आकड्यांत जाऊ शकते. सायकल विकायची झाली तर उंच गिऱ्हाईकही हातचं जातं. कार्बनच्या स्टीअररवर मात्र स्टेमखाली किती स्पेसर चालतात याला कंपनीची मर्यादा असते. पुस्तिका बघा.

हाताच्या जोरावर आवळणं. "सायकल आहे, विमान नाही" म्हणत बोल्ट कच्चून पिळणाऱ्या मेकॅनिकपासून कार्बन लांब ठेवा. ॲल्युमिनियमवर आटे जातात, कार्बनवर तडा जातो आणि असा तडा बहुतेक वॉरंटीत बसत नाही. टॉर्क रेंच आहे का, हा पहिला प्रश्न. उत्तर नाही असेल तर दुसरं दुकान.

जाम झालेला दांडा. आपल्याकडचा पाऊस, कोकणपट्टीची खारी हवा आणि घाम यांमुळे सीटचा दांडा फ्रेममध्ये घट्ट बसतो. मग सीट एक सेंमी हलवायलाही दिवस मोडतो. कधी दांडा कापून काढावा लागतो. उपाय दहा मिनिटांचा: जूनच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा दांडा बाहेर काढा, पुसा. धातूत धातू असेल तर ग्रीस लावा. दोघांपैकी एक जरी कार्बन असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट.

सीट विकत घ्यायची वेळ आलीच तर

रुंदी हाडांवरून ठरते, वजनावरून किंवा स्त्री-पुरुष असण्यावरून नाही. बसताना टेकणाऱ्या दोन हाडांमधलं अंतर घरी मोजा: पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, किंचित पुढे वाका, उठा. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर अधिक साधारण २० ते २५ मिमी, ही तुमची रुंदी.

मऊ सीट म्हणजे आरामाची सीट हा गैरसमज महाग पडतो. जाड जेल पाच किलोमीटर छान वाटतं. पन्नास किलोमीटरला हाडं आत रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. चांगली सायकल चड्डी घ्या, जाड सीट टाळा. चालवून बघायला सीट देणारं दुकान असेल तर दोन-चारशे जास्त गेले तरी तिथूनच घ्या. नवी सीट बसवली की उंची परत मोजा. सीटची जाडी बदलते, म्हणून पायाचं अंतरही बदलतं.

फिटरकडे कधी जायचं, काय विचारायचं

सरळ फिटरकडे जा, जर गुडघ्याची किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, मणक्याचा त्रास असेल, दोन पायांच्या लांबीत फरक असेल, किंवा वरचं सगळं करून सहा आठवड्यांनंतरही दुखत असेल. सायकलवरून उतरल्यावरही हाताचा किंवा जांघेचा बधिरपणा तासन् तास टिकत असेल तर आधी डॉक्टर, मग फिटर.

पैसे देण्याआधी हे विचारा. वेळ किती देणार? वीस मिनिटांत होतं ते मापजोख. फिटला दोन-तीन तास लागतात. आधी शरीराची लवचीकता तपासणार का? क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) धरून की वेगळे पैसे? स्टेम, सीट वेगवेगळे लावून बघायला मिळतील का, की लावलेलं विकतच घ्यावं लागेल? महिन्याभरात पुन्हा दाखवायला आलो तर फुकट की शुल्क? जीएसटी आत की वर? शेवटी सगळी मापं कागदावर मिळतील का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही असेल तर परत या. तुम्ही पैसे त्या कागदाचेच देता.

सोबत न्यायचं: सायकल धुऊन, स्वतःचे बूट, पेडल, चड्डी, आधीच्या मापांची चिठ्ठी, जुने एक्स-रे किंवा अहवाल असतील तर ते, आणि सायकल वॉरंटीत असेल तर तिचं बिल. तिथेच नवा स्टेम आणि सीट मिळून दहा हजारांची यादी हातात आली तर यादी घ्या, खरेदी दुसऱ्या दिवशी करा.

आणि सायकल विकत घेताना दुकानात जे प्राथमिक सेटिंग करून देतात, त्याला फिट समजू नका. ते बहुधा किमतीतच धरलेलं असतं, म्हणून करून घ्या जरूर. पण तिथे बूट वेगळे असतात आणि तुम्ही पाचच मिनिटं बसता.

किती दिवस आधी

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, करणार असाल तर साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्यातला बहुतेक वेळ सीटवरच जातो. मापं बदलायची ती किमान चार आठवडे आधी. आदल्या आठवड्यात काहीही हलवू नका, नवी सीट तर मुळीच नको. नव्या बैठकीत पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटरच्या फेऱ्या मारा. सिंहगड किंवा खंबाटकीचा चढ नंतर.

दुखतंय कुठे, बघायचं कुठे

गुडघा पुढून दुखतो: सीट खाली किंवा फार पुढे. गुडघा मागून दुखतो: सीट उंच किंवा फार मागे. तळहात, करंगळी बधिर: नाक फार खाली, हँडल लांब, टायर टणक. मान आणि खांदे: हँडल खाली किंवा लांब. नाजूक जागी बधिरपणा: नाक वर, सीट उंच किंवा रुंदी चुकीची. कंबर: सीट उंच किंवा हँडल लांब. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात आणि बरं वाटलं तर कशाने ते कळणार नाही. वाईट वाटलं तरी कळणार नाही.

शरीराला मानवलं की पुन्हा मोजायचा टेप घ्या आणि सुरुवातीची चार मापं नव्याने लिहा: क्रँकपासून सीट, सीटच्या नाकापासून हँडल, सीटची उंची, हँडलची उंची. सोबत कलाचे अंश. मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि एक चिठ्ठी सीटखालच्या पिशवीत. सर्व्हिसिंगला दिलेली सायकल परत आली, कोणी चालवायला नेली, रेल्वेने पाठवायला सीट उतरवली, तरी दहा मिनिटांत तुमची बैठक परत मिळते. फिटरकडून हाच कागद घ्यायला पाच-सात हजार मोजावे लागतात. तुमचा तुम्ही केलात तर एलन कीच्या संचाइतकाच खर्च.